भागीदाराची सही

मुंबईंत महालक्ष्मीपासून वरळीकडे समुद्राच्या कडेनें जो रस्ता जातो, त्याला आज लाला लजपतराय मार्ग असें नांव आहे. जुन्या मुंबईकरांच्या तोंडीं मात्र त्याचें नांव 'हॉर्नबी वेलार्ड' हेंच होतें. वेलार्ड म्हणजे बांध. हा शब्द मूळ पोर्तुगीज भाषेंतला. भरतीचें पाणी या ठिकाणच्या खिंडारांतून आंत शिरे आणि मुंबई बेटाचा मधला सखल भाग बुडवून टाकी. तें पाणी अडविण्यासाठीं मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा बांध घातला. कंपनीच्या संचालकांनीं खर्चास मंजुरी नाकारली असतांहि त्यानें काम पुढें रेटलें, अशी आख्यायिका सांगतात. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांना हा गृहस्थ आणखी एका कारणानें परिचित आहे. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्याचा उद्योग ज्या मुंबई सरकारनें केला, त्याचा प्रमुख हाच. इ. स. १७७९ मध्यें वडगांवास इंग्रजी फौजेची जी नामुष्की झाली व जो तह करावा लागला, तो तह पुढें धुडकावून लावणाराहि हाच.

हॉर्नबी १७८४ मध्यें अधिकारावरून उतरून विलायतेस परत गेला. त्यानंतर सात-आठ वर्षांनीं त्याचें नांव अगदीं निराळ्या कागदपत्रांत आढळतें. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोंकाला सुमारे १२ लक्ष एकर जंगल ज्या तीन गृहस्थांनीं मिळून विकत घेतलें, त्यांपैकीं एक विल्यम हॉर्नबी होता. हें जंगल त्याच्या हातीं येण्यापूर्वीं अनेक हातांतून फिरलें होतें, आणि त्यांतील कांहीं हातांनीं तर त्याची पूर्ण किंमत कधीं भरलीच नव्हती. या हातांची आणि त्या हातांनीं एकमेकांच्या कागदांवर केलेल्या सह्यांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

ही जुनी हकीकत आज सांगण्याचें कारण असें. अमेरिकेंत घरें व जमिनी यांच्या बाजारांत 'होलसेलिंग' या नांवाचा एक धंदा अलीकडे बराच बोकाळला आहे. नांव घाऊक व्यापाराचें असलें, तरी यांत वखार नसते व मालहि नसतो. होलसेलर हा विकूं इच्छिणाऱ्या घरमालकास गांठतो, थोडासा विसार देऊन ठराविक मुदतीचा करार करतो, आणि मुदत संपण्याच्या आंत तो करारच दुसऱ्या खऱ्या खरेदीदारास चढ्या किंमतीनें देऊन मधला फरक आपल्या पदरांत पाडून घेतो. घर त्याच्या मालकीचें क्षणभरहि होत नाहीं. या धंद्यांत नव्यानें उतरणाऱ्या तरुणापाशीं पुष्कळदां करार असतो पण गिऱ्हाईक नसतें. दुसऱ्या एखाद्या मुरलेल्या होलसेलरापाशीं गिऱ्हाइकें असतात पण करार नसतो. मग दोघे एकत्र येतात आणि नफा वांटून घेतात. आपल्याकडेहि वाढत्या शहरांच्या आसपास साठेखत करून, खरेदीखत होण्यापूर्वींच तें दुसऱ्याच्या नांवें फिरविण्याची रीत अनोळखी नाहीं. असल्या व्यवहारांत भागी करावी कीं नाहीं, आणि करावयाची तर कोणाशीं, हा प्रश्न आज अनेक सुशिक्षित कुटुंबांतील तरुणांपुढें उभा राहतो. त्याचें उत्तर पोथींतल्या उपदेशापेक्षां घडून गेलेल्या गोष्टींत अधिक स्पष्ट दिसतें.

वडगांवचा तह ज्या वर्षीं झाला, त्याच १७७९ सालीं अमेरिकेंत स्वातंत्र्याचें युद्ध चालूं होतें. इंग्रजांना साह्य करणाऱ्या इरोक्वाय राष्ट्रसंघावर जनरल सलिव्हन याची फौज चालून गेली. त्या फौजेनें सेनेका प्रभृति लोकांचीं गांवें, उभीं मक्याचीं शेतें आणि फळबागा जाळून फस्त केल्या. जाळतां जाळतां शिपायांच्या एक गोष्ट लक्षांत आली, ती ही कीं, जेनेसी नदीच्या खोऱ्यांतली ही जमीन विलक्षण सुपीक आहे. युद्ध संपल्यावर हे शिपाई घरोघर परतले आणि त्या जमिनीची कीर्ति सर्वत्र पसरली. 'पश्चिमेकडील ओसाड जंगल' असें तिचें वर्णन पुढें दलालांच्या तोंडीं आलें. परंतु ती ओसाड नव्हती. तिच्यावर माणसें राहत होतीं, आणि ज्यांचीं गांवें जळलीं होतीं त्यांतील पुष्कळजण तेथेंच जवळपास दिवस कंठीत होते.

या जमिनीवर न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स या दोन्ही राज्यांचा दावा होता. १७८६ च्या डिसेंबरांत हार्टफर्ड येथें त्यांची तडजोड झाली. राज्याधिकार न्यूयॉर्ककडे राहावा आणि मूळ रहिवाशांकडून जमीन प्रथम विकत घेण्याचा हक्क मॅसॅच्युसेट्सकडे असावा, असें ठरलें. हा हक्क नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. मॅसॅच्युसेट्सला जमीन मिळाली नव्हती. रहिवाशांनीं विकण्याचें मनांत आणलें तर ती आधीं आपणांस विकावी, एवढीच सवलत मिळाली होती. या सवलतीचा विस्तार सुमारे ६० लक्ष एकर होता. कर्जानें वाकलेल्या त्या राज्यानें ही सवलतच विकावयास काढली.

ती घेण्यासाठीं पुढें आलेल्यांत दोन गृहस्थ प्रमुख होते. नॅथॅनियल गोरहॅम हा अमेरिकन काँग्रेसचा अध्यक्ष राहिलेला व राज्यघटनेवर सही करणारा प्रतिष्ठित पुरुष. आणि ऑलिव्हर फेल्प्स हा युद्धकाळांत सैन्यास रसद पुरविण्याच्या कामांत हुषारी मिळविलेला व्यापारी. दोघांच्या मागण्या प्रारंभीं निरनिराळ्या होत्या, आणखीहि कांहीं मंडळी याच जमिनीवर डोळा ठेवून होती. आपसांत चढाओढ केली तर किंमत वाढणार, हें ओळखून या सर्वांनीं एक मंडळी उभी केली आणि सर्वांच्या वतीनें फेल्प्स व गोरहॅम यांनीं १ एप्रिल १७८८ रोजीं सौदा केला. किंमत ठरली मॅसॅच्युसेट्सच्या चलनांत ३ लक्ष पौंड, म्हणजे १० लक्ष डॉलर. तीन वार्षिक हप्त्यांत द्यावयाची.

एवढा पैका या मंडळींपाशीं होता काय? मुळींच नव्हता. त्यांचा हिशेब निराळा होता. किंमत रोख न देतां मॅसॅच्युसेट्स सरकारच्या कर्जरोख्यांत देण्याची मुभा त्यांनीं मिळविली होती. त्या वेळीं या रोख्यांना बाजारांत कोणी विचारीत नसे. शंभर डॉलरचा रोखा सुमारे वीस डॉलरांस मिळे. म्हणजे १० लक्षांची जमीन दोन लक्षांच्या आसपास पडणार. तेहि पैसे आज द्यावयाचे नव्हते. आधीं जमिनीचे तुकडे विकावयाचे आणि त्यांच्या विसारांतून रोखे विकत घेऊन हप्ते फेडावयाचे, असा बेत होता.

वाटेंत आणखी एक विघ्न होतें. जॉन लिव्हिंग्स्टन नांवाच्या न्यूयॉर्कच्या एका वजनदार गृहस्थाच्या टोळीनें इरोक्वाय लोकांकडून त्याच जमिनीचा ९९९ वर्षांचा पट्टा आधींच लिहून घेतला होता. मूळ रहिवाशांची जमीन खासगी इसमांनीं विकत घेण्यास मनाई होती. म्हणून यांनीं विक्रीला पट्ट्याचें नांव दिलें. न्यूयॉर्कच्या विधिमंडळानें तो पट्टा रद्द ठरविला. तरीहि या टोळीचें रहिवाशांवर वजन होतें. तेव्हां फेल्प्सनें त्यांच्याशीं भांडत बसण्याऐवजीं त्यांनाहि भागीदार करून घेतलें. व्यवहारदृष्ट्या हें शहाणपणाचें होतें. फेल्प्सपाशीं राज्याचा हक्क होता, लिव्हिंग्स्टनच्या मंडळींपाशीं ओळखीपाळखी होत्या. एकाचें उणें दुसऱ्यानें भरून काढलें.

८ जुलै १७८८ रोजीं बफेलो क्रीक येथें फेल्प्सनें करार केला. जेनेसी नदीच्या पूर्वेकडील प्रदेश तर त्यानें मिळविलाच. शिवाय नदीच्या पश्चिमेस बारा मैल रुंदीचा एक पट्टा, 'तुमच्यासाठीं पिठाची गिरणी घालावयाची आहे' या सबबीवर पदरांत पाडून घेतला. एका गिरणीला दोन लक्ष एकर जमीन कशास लागते, हें कोडें सेनेका लोकांना पडलें असल्यास नवल नाहीं. पुढें ती गिरणी खरोखर झाली आणि त्या जागीं आज रॉचेस्टर शहर उभें आहे. सगळी मिळून सुमारे २६ लक्ष एकर जमीन, आणि तिचा मोबदला ५,००० डॉलर रोख व वर्षास ५०० डॉलर! पुढें १७९० मध्यें सेनेका नायक कॉर्नप्लँटर यानें अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्यापुढें फिर्याद मांडली, कीं आम्हांला याच्या दुप्पट रक्कम सांगण्यांत आली होती. त्या गाऱ्हाण्यानें जमीन परत मिळाली नाहीं.

फेल्प्सनें लगेच जमीन मोजून सहा मैल चौरसांचे गांव आंखले आणि १७८९ मध्यें कॅननडेग्वा येथें विक्रीची कचेरी उघडली. गिऱ्हाइकें आलीं, सौदे होऊं लागले. सारें सुरळीत चाललें आहे असें वाटत असतां फिलाडेल्फिया-न्यूयॉर्ककडे एक निराळीच घटना घडली. अमेरिकेचा अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यानें, सर्व राज्यांचीं युद्धकर्जें मध्यवर्ती सरकारनें आपल्या शिरावर घ्यावीं अशी योजना मांडली आणि १७९० च्या ऑगस्टांत ती मंजूर झाली. कालपर्यंत शंभरास वीसनें मिळणारे रोखे झपाट्यानें दर्शनी किंमतीच्या जवळपास चढले. देशाची पत सुधारली, हें उत्तमच झालें. परंतु ज्यांचा सगळा हिशेब देशाच्या बेपतीवर उभा होता, त्यांचे पाय उखडले. फेल्प्स व गोरहॅम यांना हप्ते देणें अशक्य झालें. पश्चिमेकडील सुमारे ३७ लक्ष एकरांचा हक्क त्यांना राज्याला परत करावा लागला आणि पूर्वेकडील न विकली गेलेली जमीन मिळेल त्या किंमतीस काढून टाकावी लागली.

येथें घटकाभर थांबून पाहण्यासारखें आहे. या मंडळींत भागीदार थोडेथोडके नव्हते. मग भागीदारीनें त्यांचें रक्षण कां केलें नाहीं? याचें कारण, ते सर्व एकाच दोरीला लोंबकळत होते. प्रत्येकाला स्वस्त रोखे हवे होते. प्रत्येकाची अडचण एकाच दिवशीं सुरू होणार होती. दहा माणसें एका होडींत बसलीं म्हणजे बुडण्याचें भय दहावा हिस्सा होत नाहीं. लिव्हिंग्स्टनच्या मंडळींना घेतल्यानें फेल्प्सची एक उणीव भरून निघाली हें खरें. पण पैशाची उणीव भरून काढील असा एकहि भागीदार त्या मंडळींत नव्हता.

फेल्प्सची जमीन घेणारा गिऱ्हाईक कोण? तो होता रॉबर्ट मॉरिस. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, युद्धाच्या अखेरच्या वर्षांत राष्ट्राचा खजिना सांभाळणारा, आपल्या खासगी पतीवर सैन्यासाठीं पैसे उभे करणारा फिलाडेल्फियाचा हा सावकार त्या काळीं अमेरिकेंतील अत्यंत धनवान् पुरुषांत गणला जात असे. त्यानें १७९० च्या नोव्हेंबरांत ती जमीन मॅसॅच्युसेट्सच्या ३० हजार पौंडांस, म्हणजे सुमारे एक लक्ष डॉलरांस घेतली. जमीन बाळगण्याची त्याला इच्छा नव्हती. त्याचें लक्ष लंडनकडे होतें. तेथें बेंजामिन फ्रँकलिनचा नातू विल्यम टेंपल फ्रँकलिन हा त्याचा मुखत्यार होता. या मुखत्यारानें १७९१ मध्यें ती जमीन ७५ हजार इंग्रजी पौंडांस विकून दिली. म्हणजे वर्ष पुरें होण्यापूर्वींच किंमत तिपटीहून अधिक झाली. ती विकत घेणाऱ्यांतच आपला हॉर्नबी होता.

या तिघांची भागी कशी होती तें पाहा. मुख्य भागीदार सर विल्यम पुल्टनी. हा स्कॉटलंडचा वकील, पार्लमेंटचा सभासद आणि पत्नीकडून आलेल्या अफाट इस्टेटीचा व्यवस्थापक. बाथ शहरांतील प्रसिद्ध पुल्टनी पूल याच घराण्याच्या नांवाचा. दुसरा हॉर्नबी, हिंदुस्थानांत पैसा मिळवून परतलेला. तिसरा पॅट्रिक कहून. ग्लासगोचा माजी नगराध्यक्ष, पुढें टेम्स नदीवरील पोलिसदल उभारण्यांत ज्याचा पुढाकार होता तो. बारा हिश्शांपैकीं नऊ पुल्टनीचे, दोन हॉर्नबीचे, एक कहूनचा. आपल्या जुन्या भाषेंत बोलावयाचें तर पुल्टनीचे बारा आणे, हॉर्नबीचे दोन आणे आठ पै आणि कहूनचा एक आणा चार पै. प्रत्येकाचा वांटा आरंभींच लिहून ठरलेला, पैसे स्वतःचे, आणि जमीन घेण्याचा हेतु ती राखून, वसवून, सावकाश विकण्याचा.

न्यूयॉर्कच्या तत्कालीन कायद्याप्रमाणें परक्या देशाच्या नागरिकास तेथें जमीन धारण करतां येत नसे. म्हणून चार्ल्स विल्यमसन नांवाचा स्कॉटिश गृहस्थ मुखत्यार म्हणून अमेरिकेस गेला, तेथील नागरिक झाला, आणि १७९२ मध्यें खरेदीखत त्याच्या नांवें झालें. या विल्यमसननें रस्ते काढले, गिरण्या घातल्या, बाथ नांवाचें गांव वसविलें, घोड्यांच्या शर्यती भरविल्या. खर्च १० लक्ष डॉलरांच्या वर गेला आणि उत्पन्न त्या मानानें अगदींच तुटपुंजें. १८०१ मध्यें त्यानें जमीन मालकांच्या स्वाधीन केली. लंडनच्या भागीदारांना ही गुंतवणूक पुष्कळ वर्षें पोसावी लागली. तरी त्यांतल्या कोणाला तोंड लपवावें लागलें नाहीं; कारण जें त्यांच्यापाशीं नव्हतें, तें देण्याचें वचन त्यांनीं कोणाला दिलेलें नव्हतें.

मॉरिसला मात्र पहिल्याच फटक्याला मिळालेला नफा बाधला. फेल्प्सनें परत केलेल्या पश्चिमेकडील प्रदेशाचा हक्क त्यानें १७९१ मध्यें मॅसॅच्युसेट्सकडून घेतला आणि १७९२-९३ मध्यें त्यांतले ३३ लक्ष एकर ॲमस्टरडॅमच्या सावकारांना विकले. येथेंहि नफा झाला. यानंतर त्याची अशी समजूत झाली, कीं जमीन घ्यावयाची आणि युरोपांत विकावयाची, यांत चूक होणेंच शक्य नाहीं. आणि याच सुमारास त्याला दोन नवे भागीदार मिळाले.

एक जॉन निकल्सन. हा पेन्सिल्व्हेनिया राज्याचा हिशेबनीस; सरकारी जमिनी व रोखे यांच्या व्यवहारांत आकंठ बुडालेला. १७९४ मध्यें त्याला अधिकारपद सोडावें लागलें. दुसरा जेम्स ग्रीनलीफ. वय अठ्ठावीस, बोलणें मधाळ. हॉलंडमध्यें त्याच्या ओळखी होत्या, आणि तेथून आपण वाटेल तेवढें कर्ज उभारूं असें तो सांगे. अमेरिकेची नवी राजधानी वॉशिंग्टन तेव्हां नुकतीच नकाशावर उमटत होती. १७९३ च्या डिसेंबरांत या तिघांच्या वतीनें राजधानींतील ६,००० भूखंड दर भूखंडास ८० डॉलर या दरानें घेण्यांत आले. किंमत सात वार्षिक हप्त्यांनीं, बिनव्याजी. त्याच्या बदल्यांत दरसाल वीस पक्कीं विटांचीं घरें बांधून देण्याचें आणि सरकारी इमारतींसाठीं दरमहा २,२०० डॉलर कर्ज देण्याचें बंधन त्यांनीं आपल्या अंगावर घेतलें. कर्ज देणाऱ्यांपाशीं स्वतःचा पैका नव्हता; तो हॉलंडहून यावयाचा होता. १७९५ च्या आरंभीं फ्रेंच फौजा हॉलंडांत शिरल्या आणि तो दरवाजा बंद झाला.

असल्या वेळीं शहाणा व्यापारी पसारा आवरतो. या त्रयीनें तो वाढविला. १७९५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं 'नॉर्थ अमेरिकन लँड कंपनी' काढली. सहा राज्यांतली मिळून सुमारे ६० लक्ष एकर जमीन तिच्या नांवें. भाग ३० हजार, दर भाग १०० डॉलरचा, आणि भागधारकांना सेंकडा सहा टक्के नफ्याची हमी. जमिनी ओसाड होत्या, त्यांतून लगेच उत्पन्न येणें शक्य नव्हतें. मग नफा कोठून द्यावयाचा, याचें उत्तर कोणाजवळच नव्हतें.

मग दैनंदिन देणीं भागविण्यासाठीं एक युक्ति निघाली. मॉरिसनें रोखा लिहावयाचा व निकल्सननें त्याच्या पाठीवर जामीन म्हणून सही करावयाची. दुसऱ्या रोख्यावर निकल्सन लिहिणार आणि मॉरिस सही करणार. एका माणसाच्या वचनाला दुसऱ्याचा दुजोरा मिळाला म्हणजे घेणाऱ्यास धीर येतो. पण येथें दुजोरा देणाऱ्याचीहि पेटी रिकामी होती. दोन उपाशी माणसांनीं एकमेकांना जेवणाचें निमंत्रण द्यावें, तसला हा प्रकार. ग्रीनलीफशीं बिनसल्यावर १७९५-९६ मध्यें त्याचा हिस्सा या दोघांनीं घेतला, तोहि असल्याच रोख्यांवर. अशा रीतीनें लक्षावधि डॉलरांचे कागद बाजारांत आले आणि त्यांचा भाव घसरत घसरत दर्शनी किंमतीच्या अल्पशा अंशावर आला. वॉशिंग्टनमध्यें अर्धवट बांधलेलीं घरें छपराविना उभीं राहिलीं.

१७९७ मध्यें मॉरिस फिलाडेल्फियाबाहेरील आपल्या बंगल्यांत दारें लावून बसला. बाहेर सावकारांचीं माणसें पहारा करीत. त्याच वर्षीं सप्टेंबरांत बिग ट्री येथें सेनेका लोकांशीं शेवटचा करार व्हावयाचा होता, कारण डच सावकारांना विकलेल्या जमिनीचा मूळ हक्क अजून सेनेकांचाच होता. अटक होईल या भीतीनें मॉरिसला तेथें स्वतः जातां आलें नाहीं. त्यानें मुलाला पाठविलें. रेड जॅकेट या सेनेका वक्त्यानें विक्रीला कडाडून विरोध केला. तरी अखेर १ लक्ष डॉलरांस उरलेला प्रदेशहि गेला, आणि सेनेकांच्या हातीं कांहीं तुटक राखीव जागा तेवढ्या उरल्या. ज्या जमिनीवर सर्वांनीं पैजा लावल्या, ती ज्यांची होती त्यांना या खेळांत कोणीच भागीदार समजलें नव्हतें.

१७९८ च्या फेब्रुवारींत मॉरिसला पकडून फिलाडेल्फियाच्या प्रून स्ट्रीटवरील कर्जदारांच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. त्या वर्षीं शहरांत पीतज्वराची सांथ होती. तींतून तो वांचला. नोव्हेंबरांत जॉर्ज वॉशिंग्टन त्या तुरुंगांत येऊन आपल्या जुन्या मित्राबरोबर जेवला. ज्याच्या पतीवर एके काळीं सैन्य पोसलें गेलें, त्याच्या शेजारीं त्या सैन्याचा सेनापति तुरुंगाच्या खोलींत बसलेला आहे, हें दृश्य डोळ्यांपुढें आणून पाहावें. ग्रीनलीफहि त्याच तुरुंगांत जाऊन आला होता. निकल्सन १८०० च्या डिसेंबरांत बंदिवासांतच मरण पावला. १८०० मध्यें झालेल्या दिवाळखोरीच्या कायद्यामुळें मॉरिस १८०१ च्या ऑगस्टांत सुटला. त्याच्या नांवावर तेव्हां जवळजवळ ३० लक्ष डॉलरांचें देणें होतें. १८०६ मध्यें तो वारला. फेल्प्सनेंहि बोध घेतला नाहीं. १७९५ मध्यें ओहायोकडील जमिनीच्या नव्या मंडळींत सर्वांत मोठा वांटा त्यानेंच उचलला, आणि १८०९ मध्यें कॅननडेग्वा येथें कर्जबाजारी स्थितींत त्याचा शेवट झाला.

श्रोतेहो, या सर्व लोकांना मूर्ख म्हणून सोडून देणें सोपें आहे. पण तें खरें होणार नाहीं. ते आपल्या काळचे नामांकित व अनुभवी पुरुष होते. त्यांच्या तीन भागीदाऱ्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे फरक दिसतो. फेल्प्सला लिव्हिंग्स्टनच्या मंडळींकडून ओळखी मिळाल्या. मॉरिसला फ्रँकलिनकडून लंडनचें गिऱ्हाईक मिळालें. हॉर्नबी व कहून यांना पुल्टनीचें भांडवल आणि विल्यमसनचें नागरिकत्व मिळालें. या प्रत्येक ठिकाणीं भागीदारानें किंवा मुखत्यारानें, जें पहिल्यापाशीं नव्हतें असें कांहींतरी आणलें. निकल्सननें मॉरिसला काय आणून दिलें? केवळ आणखी एक सही. त्या सहीच्या मोबदल्यांत मात्र निकल्सनच्या सगळ्या देण्यांचें ओझें मॉरिसच्या शिरावर आलें.

आपल्या देशांतील कायद्यानेंहि हीच गोष्ट कोरड्या शब्दांत सांगून ठेवली आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणें, नुसत्या विक्रीच्या करारानें त्या मिळकतींत कोणताहि हक्क वा हितसंबंध उत्पन्न होत नाहीं. म्हणजे साठेखत हातीं आलें तरी जमीन अजून दुसऱ्याचीच असते. आणि १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणें भागीदारीच्या व्यवहारांतील देण्यास प्रत्येक भागीदार सर्वांबरोबर आणि एकटाहि जबाबदार असतो. नफ्यांत आपला वांटा चार आण्यांचा असेल. देणेकरी दारांत उभा राहिला म्हणजे तो सोळा आणे मागूं शकतो. अमेरिकेंतहि होलसेलिंगच्या धंद्यास आळा घालणारे कायदे अलीकडे कांहीं राज्यांनीं केले आहेत. ओक्लाहोमा राज्यानें २०२१ मध्यें असा कायदा केला.

तेव्हां आपल्या घरांतला एखादा मुलगा वा मुलगी जमिनीच्या अशा व्यवहारांत दुसऱ्याबरोबर उतरूं पाहत असेल, तर वडीलधाऱ्यांनीं त्याला नाउमेद करण्याचें कारण नाहीं. त्याला चार प्रश्न विचारावेत. तुझ्या भागीदारापाशीं असें काय आहे, कीं जें तुझ्यापाशीं नाहीं? नफ्याचा आणि तोट्याचा वांटा आजच कागदावर लिहिला आहे काय? ज्या दिवशीं तुझी अडचण सुरू होईल, त्याच दिवशीं त्याचीहि सुरू होणार आहे काय? आणि ज्याची ती जमीन आहे, त्याला आपण काय विकतों आहोंत हें खरोखर समजलें आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें मॉरिसनें स्वतःशीं दिलीं असतीं, तर तो तुरुंगांत गेला नसता. चौथा प्रश्न त्या काळीं विचारलाच गेला नाहीं, आणि त्याची किंमत सेनेका लोकांनीं आपली भूमि देऊन भरली.